पहिल्या क्षणाचा करंट

[दृश्य: वायफाय राउटरचा काळा अडॅप्टर. कॅमेरा लेबलच्या अगदी जवळ.]

लेबलवरची बारीक अक्षरं वाचूया. इनपुट १००-२४० व्होल्ट, ०.६ अँपिअर. आउटपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर. पूर्ण लोडवरसुद्धा हा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या लाइनवरून साधारण पाव अँपिअर करंट घेतो. पूर्वीचा साठ वॉटचा पिवळा बल्ब घ्यायचा, तेवढाच. तरीही बटण चालू ठेवून तो सॉकेटमध्ये खोचला की कधी कधी चट् असा आवाज येतो, निळसर ठिणगी दिसते. त्या क्षणी पिनांमधून तीस अँपिअरच्या आसपास करंट गेलेला असतो. या लेबलवर तो आकडा नाही.

याला इनरश करंट म्हणतात. ठिणगी दिसली म्हणजे अडॅप्टर बिघडला, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. ठिणगी का पडते हे समजून घ्यायला अडॅप्टरच्या आत डोकवावं लागेल.

[दृश्य: उघडलेला अडॅप्टर. आतली हिरवी पट्टी.]

हे घरी करू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तीनशे व्होल्टपर्यंतचा चार्ज राहू शकतो, आणि तो जोरदार झटका देतो.

लाइनकडून आत येताना सगळ्यात आधी फ्यूज, मग वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडचा ब्रिज, आणि त्यानंतर हा उभा, गोल कपॅसिटर. त्याच्या अंगावर छापलंय: ४७ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्ट. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा म्हणतात खरा, पण त्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टांवर असतं, आणि कपॅसिटर भरतो तो शिखरापर्यंत. बराच वेळ बंद असलेल्या अडॅप्टरमध्ये तो रिकामा असतो. रिकाम्या कपॅसिटरचा विरोध पहिल्या क्षणी जवळपास शून्य. लाइनच्या दृष्टीने ते शॉर्टसर्किटच, फक्त ते मिलिसेकंदभरही टिकत नाही.

तेवढ्या वेळात कपॅसिटरमध्ये जाते ती ऊर्जा सुमारे अडीच ज्यूल. पूर्ण लोडवरचा हा अडॅप्टर एरवी तेवढी ऊर्जा सेकंदाच्या दहाव्या भागात वापरतो. म्हणजे ऊर्जा मोठी नाही. ती घाईने आत शिरते, इतकंच.

[दृश्य: ऑसिलोस्कोपचा पडदा. सपाट रेषेतून एक सुळका वर जातो आणि लगेच खाली येतो.]

ठिणगी दर वेळी का दिसत नाही? आपली वीज ५० हर्ट्झची. तिची लाट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते आणि प्रत्येक शून्यानंतर पाच मिलिसेकंदांनी शिखरावर पोचते. लाट शून्याच्या जवळ असताना पिन टेकली तर काहीच जाणवत नाही. शिखरावर असताना टेकली तर चट्. त्यात पिन सॉकेटमध्ये सरकताना थरथरते, टेकते, सुटते, पुन्हा टेकते. पितळेवर काळे ठिपके उमटतात ते यामुळेच. म्हणून आधी पिन नीट बसवावी, मग बटण दाबावं. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी बटण असतं ते वापरावं. बटणाच्या आतली स्प्रिंग एका झटक्यात संपर्क जुळवते, हाताला ते जमत नाही.

आता या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. फ्यूजच्या शेजारी ही चकती दिसतेय? काळपट, लहान गोळीएवढी. तिच्यावर छापलंय १०डी-९. हा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे विरोध बदलणारा भाग. थंड असताना त्याचा विरोध १० ओम. ३२५ भागिले १०, म्हणून साडेबत्तीस अँपिअर. ही चकती नसती तर करंट कितीवर जाऊन थांबला असता हे घरातली वायरिंग, कपॅसिटर आणि डायोड यांच्या किरकोळ विरोधावर ठरलं असतं, आणि तो सहज शंभरापुढे गेला असता.

मग तिथे साधा रेझिस्टर का नाही? मोबाइलच्या छोट्या चार्जरमध्ये साधाच असतो, कारण तिथे करंट कमी. पण अडॅप्टर मोठा झाला की तो रेझिस्टर सतत तापत बसतो आणि वीज वाया घालवतो. थर्मिस्टरची गंमत अशी की तो तापला की त्याचा विरोध उतरतो. सुरुवातीला अडवतो, काम सुरू झालं की वाट मोकळी करतो. दोन-चार रुपयांचा हा भाग मला फार हुशार वाटतो.

त्याची एकच कमजोरी आहे, आणि ती नेमकी आपल्या घरांत उघडी पडते.

[दृश्य: वळवाचा पाऊस. खिडकीतून दिसणारी इमारत. दिवे क्षणभर जातात, परत येतात.]

लाईट क्षणभर जाऊन परत आली. राउटर चालू होता, त्यामुळे कपॅसिटर सेकंदाच्या दहाव्या भागातच बराचसा रिकामा झाला. थर्मिस्टर मात्र अजून गरमच आहे. त्याला निवायला मिनिटभर तरी लागतं, आणि अडॅप्टरची डबीच तापलेली असेल तर त्याहून जास्त. आत ६० अंश तापमान असेल तर १० ओमचे तीन-चार ओमच उरतात. लाईट परत येते तेव्हा कपॅसिटर रिकामा आणि अडवणारा सुस्त. सुरुवातीचा करंट दुप्पट-तिप्पट होतो.

उत्पादकांच्या माहितीपत्रकात इनरशचा आकडा दिलेला असतो, पण त्यापुढे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: कोल्ड स्टार्ट, २५ अंश. मे महिन्यात, टीव्हीमागच्या कोपऱ्यात, पाचव्यांदा लाईट चमकून गेलेली असताना अडॅप्टरवर काय गुदरतं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गरम असतानाचा आकडाही छापायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

[दृश्य: स्वस्त अडॅप्टरची पट्टी. एनटीसी असं छापलेल्या जागी वाकवलेली तार.]

हा दुसरा अडॅप्टर, बाहेरून तसाच दिसणारा. पट्टीवर थर्मिस्टरची जागा छापलेली आहे, भोकं आहेत, आणि त्या भोकांत तारेचा तुकडा झाळलाय. चालतो तोही. पण प्रत्येक वेळी डायोड आणि फ्यूज यांच्यावर सगळा मार बसतो. फ्यूजवर टी अक्षर असेल तर तो असा क्षणिक झटका सहन करणारा असतो. दुरुस्ती करताना त्या जागी एफ अक्षराचा जलद फ्यूज टाकला, तर तो अधूनमधून विनाकारण उडतो आणि दोष सापडत नाही.

लेबलवर आर अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक असतो. अशा अडॅप्टरना २०१२च्या आदेशानंतर नोंदणी सक्तीची झाली. त्या चाचण्या सुरक्षिततेच्या आहेत: शॉक बसू नये, आग लागू नये. क्रमांक नसलेला अडॅप्टर घेऊ नये, हे बरोबरच. पण आत थर्मिस्टर कितीचा आहे हे तो क्रमांक सांगत नाही.

एका अडॅप्टरने घरातला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडत नाही. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडतो तो ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान, आणि एका अडॅप्टरचा झटका फारच कमी वेळ टिकतो. प्रश्न येतो तो सोसायटीच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत. तिथे एकाच लाइनवर वीस-पंचवीस अडॅप्टर, वर एलईडी दिवे. लाईट आली की सगळे एकाच क्षणी जागे होतात आणि एमसीबी खाली. वॉचमन तो वर करतो, तो पुन्हा पडतो, कारण थर्मिस्टर अजून गरम आहेत. इथे एमसीबी बदलण्याआधी लोड दोन-तीन लाइनींवर वाटून घ्यावा, आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

स्मार्ट प्लगचंही तसंच. त्याच्या आतल्या रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचवर, १० अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या लोडसाठी. अडॅप्टरांनी भरलेली एक्स्टेंशन त्यावर रोज चालू-बंद केली तर रिलेचे संपर्क एक दिवस चिकटू शकतात. मग ॲप म्हणतं बंद, आणि खाली सगळं चालूच.

राउटर हँग झाला की आपण बटण बंद करून लगेच चालू करतो. त्याऐवजी बटण बंद करून दोन मिनिटं थांबावं. राउटरला दहा सेकंद पुरतात. उरलेला वेळ आतल्या त्या चकतीसाठी आहे.