पाच मुठी सूर्य

[दृश्य : पहाट. धुक्यात घाटाच्या पायऱ्यांच्या फक्त कडा दिसतायत. धुणं आपटल्याचा आवाज.]

हा वाईचा गणपती घाट. माझ्या दारापासून इथवर चार मिनिटं. ट्रायपॉड खांद्यावर असला तर पाच. गेली अकरा वर्षं जमेल त्या सकाळी मी इथं येतो. धुणं घेऊन येणाऱ्या एक काकू परवा म्हणाल्याच, "अरे, तोच घाट, तोच देव. कंटाळा कसा येत नाही रे तुला?"

यायचा की. पहिली दोन वर्षं भरपूर यायचा.

[दृश्य : देवळाची मागची भिंत, पाण्याच्या पातळीवरून.]

समोर ढोल्या गणपतीचं देऊळ. पेशव्यांचे सरदार रास्ते, त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. येणारे सगळे फोटो पुढून काढतात. मला आवडते ती पाठ. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी तिच्यावर फुटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. कोरड्या दिवसांत हा दगड राखाडी आणि अगदी सामान्य दिसतो. एक सर पडू द्या, तोच बेसाल्ट काळाभोर होतो, आणि शेजारून जाणारं पिवळं लुगडं एकदम पेटल्यासारखं दिसतं. भिंत माझ्या ओळखीची होती म्हणून हा फरक कळला. परक्या गावात मी नुसता 'काळा दगड' म्हणून पुढं गेलो असतो.

थंडीतलं धुकं घ्या. आदल्या रात्री आभाळ निरभ्र हवं आणि वारा पडलेला हवा. मग जमीन भराभर निवते, डोंगरउतारावरची गार हवा खाली नदीकाठी येऊन साचते. पाणी त्या हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून कृष्णा चहाच्या कपासारखी वाफाळते. रात्री दहाला गच्चीवर जाऊन मी चांदण्या बघतो. त्या स्वच्छ दिसल्या आणि वाळत घातलेला टॉवेल हलत नसला, की पाचचा गजर लावतो. हवामानाचं ॲप माझ्याकडेही आहे. टॉवेलवर माझा जास्त भरवसा.

धुक्यात कॅमेरा फसतो. सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो चित्र मळकं करून ठेवतो. मग आपण हातानं एक स्टॉप वाढवायचा, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्यायचा.

[दृश्य : पसरणी घाटावरून खाली सांडणारे ढग. वाई उन्हात.]

पावसाळ्यात वाईची गंमत वेगळीच. पश्चिमेचे ढग कोकणातून चढून महाबळेश्वरला थडकतात आणि तिथंच रिते होतात. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं. पाचगणीला येईस्तोवर त्याचा साधारण तिसरा हिस्सा उरतो. रस्त्यानं बत्तीसेक किलोमीटर उतरून वाईत या, तर आठशेच्या आतबाहेर. पर्जन्यछाया हा शब्द शाळेत पाठ केला होता. तो दिसला मात्र या पायरीवर बसून : डोंगरावर काळंकुट्ट, डोक्यावर भुरभुर, आणि पूर्वेकडून स्वच्छ ऊन. अशा सकाळी इंद्रधनुष्य पाचगणीच्या अंगालाच पडतं, कारण ते नेहमी सूर्याच्या समोरच्या दिशेला असतं. तेही नऊच्या आत. सूर्य ४२ अंशांच्या वर गेला की सपाट जमिनीवरून ते दिसेनासं होतं. त्यामुळे जुलैत मी घाटावर बसतो तो पश्चिमेकडं तोंड करून. लोकांना वाटतं हा उगवतीकडं पाठ करून काय बघतोय.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. २०२१ च्या जुलैत मी लडाखला गेलो. नवी जागा, नवं काहीतरी सुचेल, हा हिशेब. वर निळंशार आभाळ, खाली तपकिरी डोंगर, आणि माझे सगळे फोटो आधीच कुणीतरी काढून ठेवल्यासारखे. २३ जुलैला सकाळी घरून फोन आला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. इकडं कृष्णा घाटाच्या पायऱ्या गिळून वर चढली होती. ज्याच्यासाठी ती माशासारखी भिंत बांधली, तो प्रसंग घडत होता आणि मी साडेतीन हजार मीटर उंचीवर जर्दाळू खात बसलो होतो.

परत आलो तर कपाटात राहिलेल्या लेन्सला बुरशी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. तेव्हापासून लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. पुड्या ओल्या झाल्या की तव्यावर मंद आचेवर परतायच्या. घरच्यांना हा प्रकार अजिबात पसंत नाही.

[दृश्य : घरातली खिडकी. पागोळ्या. काचेवर वाफ.]

झड लागली की मीही घरातच. अशा वेळी योसेफ सुदेक आठवतो. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा प्रागचा छायाचित्रकार. शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४० मध्ये, त्यानं स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो घ्यायला सुरुवात केली आणि १९५४ पर्यंत घेत राहिला. काचेवर कधी दव, कधी बर्फ, कधी ओघळ. बाहेर अंगणातलं वाकडं झाड. चौदा वर्षं एक खिडकी! माझी अकरा त्यापुढं काहीच नाहीत.

[दृश्य : वाळत घातलेली हळद. कडक ऊन.]

फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारात हळद शिजते आणि खळ्यावर वाळत पडते. तिचा पिवळा रंग दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याला झेपत नाही, संध्याकाळी जावं लागतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो. साडेबाराला छत्रीची दांडी सरळ उभी धरली तर तिची सावली सापडत नाही. तेव्हा मी झोपतो.

[दृश्य : लांब केलेला हात, मिटलेली मूठ, मागे डोंगराची रांग.]

आणि हे माझं आवडतं. हात लांब करून मूठ मिटली की ती क्षितिजावर साधारण दहा अंश झाकते. जूनमध्ये सूर्य जिथून उगवतो तिथपासून मुठी मोजत निघालो, तर डिसेंबरात तो पाच मुठी उजवीकडं सरकलेला असतो. म्हणजे एकाच पायरीवर सहा महिन्यांत उजेड निराळ्या बाजूनं येतो. हे ध्यानात यायला मला चार वर्षं लागली. मोठ्या तोऱ्यात काकूंना मुठी मोजून दाखवल्या.

त्यांनी पिळा झटकला. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पौषात ऊन आधी त्या कोपऱ्यात येतं. म्हणून तर थंडीभर मी धुणं तिकडं टाकते."

[दृश्य : कोपरा. ओल्या लुगड्यातून वाफ निघते आहे. मागून ऊन.]