भोपळा भाजून पाहा

श्रोतेहो, नमस्कार. आज लाल भोपळ्याबद्दल बोलायचंय. कुणी त्याला डांगर म्हणतं, कुणी काशीफळ. नाव काही असो, घरोघरी त्याची गत एकच. फोडी करायच्या, फोडणीत टाकायच्या, वर झाकण आणि झाकणावर पाणी. दहा मिनिटांत भाजी होते, पण ती इतकी लिबलिबीत की मुलं ताटाच्या कडेला सारून ठेवतात. मी मुलांना दोष देत नाही. भोपळ्यात मुळातच शंभरातले नव्वदच्या आसपास भाग पाणी, आणि आपण ते झाकणाखाली कोंडून ठेवतो.

हे मला उमगलं ते मुलीकडे, बॉस्टनजवळ. डिसेंबरातले दिवस होते. तिकडे बटरनट नावाचा भोपळा मिळतो. लांब मान, खाली गोल पोट, बाहेरून फिकट बदामी, आतून केशरी. साल टणक, त्यामुळे शरदात काढलेला भोपळा थंडीभर टिकतो. म्हणूनच तिकडे त्याला हिवाळी भोपळा म्हणतात. त्याची नावाजलेली जात म्हणजे वॉल्थम बटरनट. वॉल्थम हे बॉस्टनच्या शेजारचंच गाव. दिसायला निराळा असला, तरी आपल्या बाजारातला बराचसा लाल भोपळा आणि हा बटरनट वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच जातीचे, आणि दोघांचं मूळ घर अमेरिका खंड.

मुलीनं तो उभा चिरला, बिया काढल्या, तेल-मीठ चोळलं आणि ओव्हनमध्ये ठेवला. पाण्याचा थेंबही नाही. पाऊण तासानं बाहेर आला तेव्हा कडा तपकिरी झाल्या होत्या, गर भाजलेल्या रताळ्यासारखा दाट आणि गोड. साखर घातली नव्हती. पाणी उडालं, आतली गोडी आटून एकवटली, एवढंच.

आपला भोपळाही असाच भाजता येतो. फोड घेताना गर घट्ट आणि गडद रंगाचा बघा, सालीत नख रुततं का ते बघा. रुतलं तर भोपळा कोवळा आहे, तो भाजीला ठेवा. अर्धा किलोचे बोटभर जाडीचे काप करा. साल काढू नका, काप तिच्यामुळेच एकसंध राहतात. धुतलेले काप फडक्यानं कोरडे पुसा, दोन चमचे तेल आणि मीठ चोळा. ओव्हन २०० अंशांवर तापवून काप सुटे सुटे मांडा. गर्दी केलीत तर वाफ धरते आणि पुन्हा तीच लिबलिबीत भाजी. वीस मिनिटांनी उलटा, आणखी पंधरा-वीस मिनिटं ठेवा.

ओव्हन नसेल तर बिडाचा तवा उत्तम. काप अर्ध्या बोटाच्या जाडीचे करा, आच मध्यम ठेवा आणि झाकण अजिबात नको. सारखे हलवूही नका. इथं कान द्या. सुरुवातीला तवा जोरात चुरचुरतो, ते पाणी. आवाज हळू झाला की खालची बाजू लाल झाली म्हणून समजा, मग उलटा.

वर जिरेपूड, लिंबू, थोडं दाण्याचं कूट. पोळीशी किंवा वरण-भाताशी तोंडी लावायला याहून जास्त काही लागत नाही. ज्यांच्याकडे उपासाला भोपळा आणि जिरं चालतं, त्यांची त्या दिवशीचीही सोय झाली.

आणि भरीत! उकडलेल्या भोपळ्याच्या भरताला तासाभरात पाणी सुटतं, दही पातळ होतं. भाजलेला गर सालीपासून सोडवून कुस्करा, घट्ट दही, हिरवी मिरची, मीठ, वर हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. जेवण उरकेपर्यंत ते ताटाच्या डाव्या बाजूला जागचं हलत नाही. आमच्याकडे आता उकडलेलं भरीत होतच नाही.

बिया टाकू नका. धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, त्याच तव्यावर मंद आचेवर परता. तडतडायला लागल्या की उतरवा. नमस्कार.