पाच कोपेकची डुलणारी बस

श्रोतेहो, नमस्कार.

मॉस्कोच्या पूर्वेला लिकिनो-दुल्योवो नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या कारखान्यातून साठच्या दशकाच्या अखेरीस एक बस बाहेर पडू लागली, लियाझ-677. पुढची पंचवीसेक वर्षं ती बनत राहिली. सुमारे 1 लाख 94 हजार गाड्या! थेट व्लादिवोस्तोकपर्यंत कितीतरी सोव्हिएत शहरांत थांब्यावर उभं राहा, बहुधा हीच यायची.

हिच्याआधीच्या गाडीत चालकाचा दिवस क्लच दाबण्यात आणि गिअर ओढण्यात जायचा. थांबा, सिग्नल, पुन्हा थांबा. लियाझमध्ये क्लचच नव्हता. दोनच गिअर, तेही आपोआप बदलणारे. साठच्या दशकात शहरी बसला ही चैनच म्हणायची. पण इंजिन होतं ट्रकचं, सात लिटरचं, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ते पेट्रोल अक्षरशः ढोसायचं. पेट्रोल स्वस्त होतं, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

खाली हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन. त्यामुळे खड्डे जाणवत नसत, पण वळणावर गाडी होडीसारखी कलायची. लोकांनी नाव ठेवलं 'लुनोखोद', म्हणजे चंद्रावर फिरणारी सोव्हिएत गाडी. सकाळच्या गर्दीत मात्र तिचं नाव 'स्कोतोवोझ' व्हायचं, म्हणजे गुरं वाहायची गाडी! बसायच्या जागा पंचवीसच, बाकी सारे उभे.

मला सगळ्यात आवडतो तो तिच्यातला गल्ला. कंडक्टर नाही. पारदर्शक झाकणाची एक पेटी. तिच्यात पाच कोपेक टाकायचे (शंभर कोपेकचा एक रुबल), बाजूची मूठ फिरवायची आणि आपलं तिकीट आपणच फाडून घ्यायचं. गर्दीत पेटीपर्यंत हात पोचत नसेल, तर नाणं पुढच्याच्या हातात द्यायचं. ते पाच-सहा अनोळखी हातांतून पेटीत पडायचं आणि तिकीट त्याच वाटेनं परत यायचं. कुणी फुकट्या नव्हता असं नाही हं! पण झाकणातून नाणी दिसत, आणि शेजारची आजी बघत असे.

तिकीट हातात आलं की आधी आकडे बघायचे. सहा आकडी क्रमांक. पहिल्या तिन्हींची बेरीज शेवटच्या तिन्हींइतकी आली, तर तिकीट नशीबवान. असं तिकीट जपून ठेवायचं नाही. मनात इच्छा धरायची आणि ते चावून गिळून टाकायचं.

मग तपासनीस चढला तर काय दाखवायचं, ते ज्यानं त्यानं बघावं.