टेबलातली ओळ हलवली, आता पट्ट्यांचं काय?

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांना स्क्रीन दिसतेय ना? नसेल तर पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

समोर एका पुस्तक-यादीचं पान उघडलंय, इनडिझाइनमध्ये, म्हणजे पुस्तकांची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. अनुक्रम, पुस्तक, लेखक, किंमत, चार कॉलम, आणि वाचायला सोपं जावं म्हणून एक ओळ पांढरी एक राखाडी. आता प्रकाशकाचा फोन येणारच की ते खालचं पुस्तक वर घ्या, लेखक नाराज झालेत. पूर्वी काय करायचो आपण, वर एक रिकामी रो घालायची, खालची कट करायची, पेस्ट करायची, मग खालची रिकामी राहिलेली डिलीट करायची, आणि त्यात पेस्ट करताना सिलेक्शन चुकलं की अख्खं टेबलच एका सेलच्या आत जाऊन बसायचं. इनडिझाइनच्या सीसी २०१४ आवृत्तीपासून हा ताप गेला. टेबलाच्या डाव्या कडेला माउस नेला की आडवा बाण येतो, क्लिक केलं की पूर्ण रो सिलेक्ट होते, मग बटण सोडून परत रोवर जाऊन धरायची आणि ओढायची, जिथे जाड रेघ दिसते तिथे ती बसणार. ऑल्ट दाबून ओढली तर कॉपी होते. पूर्ण रो सिलेक्ट हवी हं, तीनच सेल धरून ओढलंत तर काही होणार नाही.

ओढली. आणि बघा आता, दोन राखाडी ओळी शेजारी शेजारी आल्या, खाली दोन पांढऱ्या. का, तर कुणीतरी एकेक रो सिलेक्ट करून स्वॉचेसमधून, म्हणजे रंगांच्या पॅनलमधून, रंग भरलाय. हाताने भरलेला रंग त्या सेलचा असतो, सेल जिथे जाईल तिथे तो जाणार. आपल्याला हवाय तो जागेचा रंग. तो टेबल ऑप्शन्समध्ये फिल्सच्या टॅबमध्ये मिळतो, आल्टरनेटिंग पॅटर्नला एव्हरी अदर रो घ्यायचं, दोन रंग द्यायचे, बस. मग ओळी कितीही वरखाली करा, पट्टे जागच्या जागी. फक्त तिथेच प्रिझर्व्ह लोकल फॉरमॅटिंग म्हणून एक चौकोन आहे, त्याची टिक काढा, नाहीतर आधीचे हाताने भरलेले रंग वरच बसून राहतात आणि लोक म्हणतात सॉफ्टवेअर बिघडलंय.

मला विचाराल तर टेबलाच्या कामात अर्धा वेळ याच एका गोष्टीत जातो, रंग, रेघ, जाडी सगळं ओळीच्या अंगावर चिकटवून ठेवायचं आणि मग करेक्शन आलं की खरवडत बसायचं. हे सगळं एकदाच ठरवून नावाने साठवायच्या सेल स्टाइल आणि टेबल स्टाइल सीएस३ आवृत्तीत आल्या, २००७ साली! तरी आजही फाइल उघडली की टेबल स्टाइलमध्ये आधीपासून असलेलं बेसिक टेबल, बाकी काही नाही.

अनुक्रमांकाचंही तेच. हाताने १, २, ३ टाइप केले असतील तर एक ओळ वर गेली की खालचे सगळे नंबर पुन्हा टाइप करा. त्यापेक्षा त्या कॉलमला नंबरिंग असलेली पॅराग्राफ स्टाइल द्या, आकडे आपोआप बदलतात.

मथळ्याची रो टेबल मेनूतल्या 'कन्व्हर्ट रोज' मधून हेडर करून टाका. पान बदललं की ती परत छापली जाते, आणि पट्ट्यांच्या मोजणीत ती धरली जात नाही, हा जास्तीचा फायदा.

आता एक अडचण. 'कादंबरी' असं लिहून डावीकडे पाच-सहा सेल उभे मर्ज केलेत ना, त्या गटातली एकच रो ओढून बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, आधी अनमर्ज करा, क्रम लावा, मग पुन्हा मर्ज. खरं तर ते नाव वेगळ्या आडव्या रोमध्येच द्यावं, छान दिसतं आणि त्रास नाही.

उंची. एक्झॅक्टली असं सेट केलेली रो बारक्या मजकुराला ठीक, पण तिथे लांब नावाचं पुस्तक आलं की मजकूर मावत नाही, सेलमध्ये लाल ठिपका येतो, आणि तो प्रिंटमध्ये दिसत नसल्यामुळे पुस्तकाचं नाव अर्धं छापून जातं. देवनागरीला तर वर वेलांटी खाली उकार, जागा जास्तच लागते. ॲट लीस्ट ठेवा, रो आपली आपण वाढेल.

काय म्हणालात? हो, यादी अकारविल्हे सॉर्ट करायची. इनडिझाइनच्या टेबलात सॉर्ट नाही, स्क्रिप्ट शोधा नाहीतर एक्सेलमध्ये लावून आणा, पण मॅटर युनिकोडमध्ये हवं, म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर मराठी अक्षर मराठी म्हणूनच ओळखतं. जुन्या फॉन्टमधलं मॅटर एक्सेलला इंग्रजी अक्षरं म्हणूनच दिसतं, तो त्याच क्रमाने लावणार, आणि 'क' कुठल्या कुठे जाईल.

आणि एक्सेलची लिंक ठेवून टेबल आणलं असेल तर इथे ओळी हलवू नका. क्रम एक्सेलमध्येच बदला. लिंक अपडेट केली की शीट पुन्हा नव्याने आत येते आणि तुम्ही इथे हलवलेल्या ओळी परत एक्सेलमधल्या जागी जाऊन बसतात. फायनल करेक्शन इथेच लावायची असतील तर आधी लिंक्स पॅनलमधून ती अनलिंक करून टाका.