सूर्य बुडाल्यावर थांबा

नमस्कार श्रोतेहो. आज तुमच्याशी बोलायचंय ते मावळत्या सूर्याच्या फोटोंबद्दल. लांबच्या कुठल्या समुद्रावरच्या नव्हे, आपल्या कृष्णेवरच्या, सांगलीच्या घाटावरनं दिसणाऱ्या. मी काही धंदेवाईक फोटोग्राफर नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता संध्याकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून घाटावर जाऊन बसते. हौस, दुसरं काही नाही.

सांगलीकरांना या हौसेसाठी फार लांब जावं लागत नाही. गाव नदीच्या पूर्वेला, सांगलीवाडी पश्चिमेला. सरकारी घाट घ्या, विष्णू घाट घ्या, पायरीवर बसलं की तोंड मावळतीकडे. मध्ये पाणी, पलीकडे झाडी, झाडीमागे सूर्य. शिवाय १९२९ सालचा आपला आयर्विन पूल आहेच. पण एक ध्यानात ठेवा, सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. घाटावर बरोबर पश्चिमेला तोंड करून उभे राहिलात, तर जूनच्या अखेरीला तो उजव्या हाताला पंचवीसेक अंश सरकलेला असतो आणि डिसेंबरच्या अखेरीला डाव्या हाताला तेवढाच. म्हणजे पूल आणि सूर्य एका चौकटीत हवे असतील, तर एक तर जागा बदला, नाही तर महिना बदला.

दुसरी तक्रार मी नेहमी ऐकते. "मावशी, डोळ्याला सूर्य एवढा मोठा दिसला आणि फोटोत नुसता ठिपका आला." येणारच. सूर्याचा आकार आकाशात जेमतेम अर्धा अंश. ५० मिलिमीटरच्या लेन्सनं काढलात तर कॅमेऱ्याच्या आत त्याचं चित्र अर्धा मिलिमीटर भरतं, २०० मिलिमीटरच्या लेन्सनं दोनच्या आत. मोबाइलची नेहमीची लेन्स तर याहून रुंद बघते, तिथं तो ठिपकाच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सूर्याचा फोटो काढायला जाऊच नका. पुन्हा सांगते, सूर्याचा नको. सूर्यामुळे समोर जे घडतं त्याचा काढा.

आणि हो, सूर्यास्ताचे फोटो सकाळी 'शुभ प्रभात' लिहून पाठवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. फोटोवरनं उगवतीचा की मावळतीचा हे ओळखू येत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्यानं तो संध्याकाळी डास मारत काढलाय, त्याला ओळखू येतं हो! असो.

आता आबांची गोष्ट सांगते. घरचे म्हणतात, हिच्यापुढे फोटो हा शब्द काढू नका, लगेच आबा सुरू होतात. होऊ देत.

नोव्हेंबर होता. दिवाळी होऊन गेलेली, लग्नसराई तोंडावर. घाटावर एक प्री-वेडिंगवाली टोळी आली. नवरा, नवरी, पिशव्या धरून उभी असलेली एक चुलतबहीण, दोन कॅमेरे, एक ड्रोन आणि तो चंदेरी रिफ्लेक्टर. नवरीचा झगा तीन पायऱ्या व्यापून वर उरलेला. आता मला सांगा, ज्यांना पुढं आयुष्यभर एकमेकांकडं बघायचंय, त्यांना लग्नाआधी चार तास एकमेकांकडं बघत उभं करायचं कशाला? पण आमचं कोण ऐकतंय.

फोटो काढणारा पोरगा मात्र हुशार होता. नवरानवरीला समोरासमोर उभं केलं, स्वतः आडवा झाला आणि सूर्य बरोबर दोघांच्या मधल्या फटीत बसवला. "रेडी," म्हणाला. आणि त्याच फटीत, पाण्यातनं, एक टक्कल वर आलं.

ते आबा. वय पंच्याहत्तरच्या पुढं. रोज संध्याकाळी नदीत पोहून सांगलीवाडीपर्यंत जाणार आणि परत येणार. कृष्णेत मगर दिसल्याची बातमी पेपरात आली की पोरं चार दिवस पाण्याकडं फिरकत नाहीत, आबा उतरतात. विचारलं तर म्हणतात, "तिलाबी सांजचं घरला जायचं असतंय."

"आजोबा, बाजूला व्हा ना जरा, फ्रेममध्ये येताय!" पोरगा ओरडला.

आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे. "कशात येतोय?"

"फ्रेममध्ये! फोटोत!"

"मग येऊ दे की. पैसं न्हाई मागत."

आता बघा, सूर्याची कड क्षितिजाला टेकल्यापासून तो पुरता बुडेपर्यंत आपल्याकडे लागतात सव्वादोन मिनिटं. जेमतेम सव्वादोन. त्यातला बराचसा वेळ या संवादात गेला. आबा बाजूला झाले तोवर सूर्य झाडीमागे. नवरीचं तोंड उतरलं, पोरगा धुसफुसत बॅगेत लेन्स कोंबायला लागला. आबा पायरीवर आले, वर बघितलं आणि म्हणाले, "निघालासा? आभाळ पेटायचं हाय अजून."

"आजोबा, सनसेट झाला."

"सूर्य गेला, उजेड कुठं गेला? वर बघ, कापूस पिंजून ठेवल्यावानी ढग हाईत. गप थांब."

टोळी काही थांबली नाही. झगा गोळा करत वर गाडीकडं गेली. मी मात्र थांबले. पाण्याजवळच्या पायरीवर, कॅमेरा गुडघ्यावर टेकवून.

दहा मिनिटं झाली असतील. आधी ढगांच्या कडा, मग त्यांची पोटं, आणि मग बघता बघता डोक्यावरपर्यंत सगळं तांबडं. खाली पाणीही तसंच. आबा दोन पायऱ्या वर उभे राहून पंचा पिळत होते. मान एका बाजूला, कोपर बाहेर, डावा पाय घोट्यापासून उचललेला. पंच्यातनं पाण्याची धार सुटली आणि त्या धारेत आभाळाचा रंग उतरला. आबा नखशिखांत काळे, धार तेवढी तांबडी. मी बटण दाबलं.

तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवर धाडधाड पावलं. नवरा, नवरी, झगा उचलून धरलेली बहीण, सगळी वरात धावत परत! आबांनी शांतपणे विचारलं, "आता मी बाजूला होऊ का?"

मिळाली त्यांना शेवटची तीन-चार मिनिटं. जाताना पोरगा आबांजवळ आला, "आबा, उद्या किती वाजता पेटंल?" आबा म्हणाले, "काडीपेटी माझ्याकडं न्हाई बाबा."

पुढं मी त्या फोटोचा मोठा प्रिंट काढून त्यांच्या घरी घेऊन गेले. आबांनी उलटासुलटा करून बघितला. "यात मी कुठं हाय? समदं काळंच." आजी आतनं पदराला हात पुसत आल्या, एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हेच की ध्यान! पंचा पिळताना पाय उचलतंय ते. लगीन झाल्यापास्नं बघतीया."

श्रोतेहो, उजेडाकडं तोंड करून काढलेल्या फोटोचं सगळं शास्त्र आजींच्या त्या वाक्यात आलं. माणूस काळा येतो, चेहरा जातो, उरते फक्त कड. म्हणून ती कड बोलली पाहिजे. माणूस बाजूनं घ्या, हात अंगापासून सुटे असू द्यात. सरळ समोर तोंड करून उभा केलात तर आजीच काय, कुणीच ओळखणार नाही.

आणि आबांचं गणितही पक्कं होतं. सूर्य आपल्या नजरेआड गेला तरी उंचावरच्या ढगांना तो अजून दिसत असतो, खालून उजेड मारत असतो. त्या उजेडाला हवेतनं फार लांबचा प्रवास पडतो, निळा रंग वाटेतच विखुरतो, आपल्यापर्यंत तांबडा पोचतो. बुडाल्यापासून वीस-बावीस मिनिटं तरी जागा सोडू नका. पुन्हा सांगते, सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं थांबा. लोक नेमके तेव्हाच भडंगाचा कागद पायरीवर टाकून उठतात. भडंगाला माझी ना नाही, लसूण कुरकुरीत तळलेला असला म्हणजे झालं, पण कागद खिशात घाला.

बाकी यांत्रिक गोष्टी थोड्याच. मोबाइलवर सूर्याशेजारच्या उजळ आभाळावर बोट दाबून धरा, लॉक होईल, मग उजेड खाली ओढा. रंग आपोआप ठरवायचं कॅमेऱ्यावर सोडू नका, तो बिचारा तांबडेपणा हा दोष समजून धुऊन काढतो. रंगाच्या सेटिंगमध्ये उन्हाची खूण असते ती निवडा. आणि शक्य तितकं पाण्याजवळ, खाली बसा. वरनं बघितलं की पाण्याचा काळसरपणा दिसतो, तिरप्या नजरेनं बघितलं की आभाळ दिसतं. गुडघे कुरकुरत असूनही मी खालपर्यंत उतरते ती याचसाठी. सूर्य अजून वर असताना मोठ्या लेन्सच्या खिडकीतनं त्याच्याकडं मात्र थेट बघू नका. डोळा भाजतो.

जावं कधी? ऑक्टोबरच्या मध्यावर सांगलीत सूर्य सहा-दहाच्या सुमाराला बुडतो, नोव्हेंबरच्या अखेरीला सहाच्या आतच. पावसाळा सरतानाचे ढग सगळ्यांत चांगले. पुढं गळीत हंगामात शेतात उसाचं पाचट पेटवतात, धुरानं सूर्य लालभडक गोळा होतो, पण ढगांचा रंग मरतो. मला पाचट पेटवणंच पसंत नाही, जमिनीत कुजवावं, पण तो विषय आपल्या शेतीच्या कार्यक्रमाचा.

पावसाळ्यात जायचं तर आधी ते नेहमीचं विचारा, "आयर्विनला किती?" म्हणजे पुलापाशी नदीचं पाणी किती फुटांवर आलंय. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नच्या वर गेलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. कोयनेतनं विसर्ग वाढवलाय असं याच रेडिओवर ऐकलंत, तर त्या दिवशी फोटो गच्चीवरनं काढा. नमस्कार.