ठराव झाला, पाणी कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा ते तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता. त्याही आधी, १९२३ साली, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात संमत झाला होता. ठराव दोन होते. पाणी मात्र मिळत नव्हते. तळ्याचा वाद पुढे न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचाही समावेश होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केले. तरीही मुंबईत १ जानेवारी २००० नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी द्यावे की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की घर बेकायदा असले तरी त्यात राहणाऱ्या माणसाचे पाणी नाकारता येणार नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण घराचा वाद आणि माणसाची तहान या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या.

मात्र नळ आला म्हणजे स्वच्छ पाणी आले, असे होत नाही. अनेक वस्त्यांत जलवाहिनी उघड्या गटारातूनच गेलेली असते आणि पाणी ठरावीक वेळेपुरतेच येते. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो आणि गंजलेल्या जागेतून, सैल सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते. त्यात कोणी मोटार लावून पाणी ओढले, तर ते अधिकच खेचले जाते. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा गढूळ भरतो आणि घरातल्या मुलांना जुलाब लागतात. म्हणूनच पाण्याचा हक्क मागताना गटारे बंदिस्त करण्याची आणि जुन्या वाहिन्या बदलण्याची मागणीही त्याच अर्जात लिहायला हवी, आणि आपल्या गल्लीतल्या नळाच्या पाण्याची तपासणी करून तिचा अहवाल वस्तीत लावा, असे महापालिकेला लेखी कळवायला हवे.