टाकण्याचे पैसे

(दृश्य: सकाळ. कोथरूडमधल्या एका सोसायटीचा जिना. बादली आपटल्याचा आवाज.)

"ताई, कचराऽऽ!"

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं. एक हात बाहेर येतो, हातात काळी पिशवी. मावशी ती आधी बाहेरूनच दाबून बघतात. वर मऊ, खाली टोकदार. "ओलं-सुकं एकत्र आहे हो हे." तोवर दार लागलेलं असतं.

जिन्यातच बसून मावशी पिशवी सोडतात. भाजीचे देठ ओल्यात. दुधाची पिशवी झटकून सुक्यात. पाण्याची बाटली वेगळी, शॅम्पूची वेगळी; शॅम्पूच्या बाटलीसारख्या प्लास्टिकला भंगारवाले 'फुगा' म्हणतात, त्याचा भाव निराळा. पुठ्ठ्यावर आमटी सांडलेली, म्हणजे पुठ्ठा गेला. टोकदार होती ती फुटलेल्या बरणीची काच, कागदात न गुंडाळता टाकलेली. मावशींनी ती दोन बोटांत अलगद उचलली. हे त्या कुठल्या वर्गात शिकल्या नाहीत. सासूच्या मागे पोतं घेऊन फिरताना शिकल्या.

(दृश्य: पौड रस्ता. मेट्रोची गाडी डेपोत शिरते.)

वनाजला आज मेट्रोचा डेपो आहे, त्या जागेवर एके काळी पुण्याचा कचरा पडायचा. 'कचरा डेपो' हे नाव जुन्या कोथरूडकरांच्या तोंडून अजून गेलेलं नाही. पुढे शहर वाढलं आणि कचऱ्याला हडपसरच्या पलीकडे, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात धाडलं गेलं. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, गावांना टँकर लागले. २०१७च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि पुण्यात चौकाचौकांत ढीग साचले. आपला कचरा जातो कुठे, हे बऱ्याच पुणेकरांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. वास नाकापर्यंत आला तेव्हा.

तर प्रश्न असा आहे. त्या जमिनीचं, त्या पाण्याचं भाडं कुणी भरायचं? आणि त्या पैशातून मावशींसारख्या कचरावेचकांचं प्रशिक्षण होईल का?

(दृश्य: कचऱ्याचा ट्रक वजनकाट्यावर चढतो.)

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९९६ पासून जमिनीत पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यावर कर आहे. सुरुवातीला टनामागे ७ पौंड होता, २०२४ साली तो १०३ पौंडांच्या वर गेला. डेपो चालवणाऱ्याला या करातला काही वाटा पर्यावरणाच्या कामांकडे वळवता येई, आणि पहिल्या काही वर्षांत त्यात रिसायकलिंगचं लोकशिक्षणही बसत असे. थोडक्यात, पुरायचं असेल तर मोजा, आणि मोजलेल्यातून पुरायची वेळ कमी येईल असं काहीतरी उभं करा.

आपल्याकडे 'टिपिंग फी' हा शब्द आहे, पण पैसा उलट्या दिशेने वाहतो. २०१६च्या घनकचरा नियमांत टिपिंग फी म्हणजे प्रकल्प किंवा भरावभूमी, म्हणजे कचरा पुरायची जागा, चालवणाऱ्याला द्यायची रक्कम, अशी व्याख्या होती. ती देणार महापालिका, म्हणजे सगळेच करदाते. जो घरात तीन डबे ठेवतो तोही, आणि काळी पिशवी बाहेर सरकवणाराही. टनावर पैसे मिळणार असतील, तर टन कमी व्हावेत असं कंत्राटदाराला का वाटावं?

याच नियमांत कचरावेचकांना ओळखपत्रं द्यावीत, त्यांना प्रशिक्षण द्यावं, असंही लिहिलेलं होतं. मात्र त्या प्रशिक्षणाला स्वतःचा, हक्काचा पैशाचा झरा नव्हता.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. पोती, बायका, एक फळा.)

पुण्याचं वेगळेपण इथे आहे. १९९०च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांना अक्षरं शिकवायला गेली. बहुतेक बायका दलित समाजातल्या, कितीतरी कुटुंबं १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. अक्षरांपेक्षा त्यांना हवा होता चांगला माल, म्हणजे भिजायच्या आधीचा, न बरबटलेला. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कष्टकऱ्यांचे नेते दिवंगत बाबा आढाव तिचे अध्यक्ष होते. २००८मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. आज साडेतीन हजारांहून जास्त कचरावेचक तिच्यामार्फत दारोदार फिरतात. त्यांची कमाई घरटी मिळणाऱ्या शुल्कातून आणि विकलेल्या भंगारातून.

महापालिका संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च उचलते, हे मान्य करायला हवं. पण २०२०च्या अखेरीस करार संपला आणि नंतर काही काळ मुदतवाढीवर मुदतवाढ चालली. तीन महिन्यांच्या मुदतवाढीत कुणाला दोन वर्षांचं प्रशिक्षण कसं देणार?

आणि शिकायचं खूप आहे. जुना संगणक खोलून त्यातलं तांबं न जाळता काढणं. सोसायटीतला खतखड्डा वास न येऊ देता चालवणं. लहान बायोगॅस प्रकल्प सांभाळणं, गाडी चालवणं, हिशेब ठेवणं. गुडघे गेलेल्या पन्नाशीतल्या बाईला जिने चढण्यापेक्षा खतखड्ड्याचं काम बरं.

लोकांनाही शिकवावं लागतं. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढीच 'लाल ठिपका' मोहीम होती. ती सांगायलाही आधी कुणाला तरी दारोदार जावं लागलं, आणि त्या वेळेचे पैसे बहुधा कुणी मोजत नाही.

(दृश्य: नदीकाठ. पेटवलेला ढीग, धूर.)

या शिकवण्यासाठी पैसा उभा करायला डेपोवर येणाऱ्या कचऱ्यावर शुल्क लावणं वाटतं तेवढं सरळ नाही. महापालिकेने महापालिकेलाच भरलेले पैसे म्हणजे या खिशातून त्या खिशात. म्हणून वसूल करणारा वेगळा हवा, आणि जमा झालेलं खातंही वेगळं. शुल्क चढलं की चोरून टाकणारे वाढणार. मुठेचा काठ आजही रिकामा नाही. शिवाय योजना यशस्वी झाली तर डेपोवर येणारा कचरा घटेल आणि प्रशिक्षणाचा पैसाही. ब्रिटनने दर वाढवत नेला, तसं काहीसं आपल्यालाही करावं लागेल.

मात्र दार आता किलकिलं झालंय. २०२६च्या नव्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण न करता भरावभूमीत कचरा पाठवणाऱ्या स्थानिक संस्थांना जास्त शुल्क लावायची तरतूद केली आहे. ते पैसे काँक्रीटच्या भिंतीत जाणार की माणसांत, हे ठरायचंय. माझ्या मते त्यातला ठरलेला हिस्सा प्रशिक्षणाचा असावा, आणि शिकवणाऱ्यांत मावशींना मानधनासह जागा असावी.

(दृश्य: पुन्हा तोच जिना. मावशी उतरत आहेत.)

दुसऱ्या मजल्यावर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी चिप्सचं चकचकीत पाकीट घेऊन थांबलीय.

"मावशी, हे कशात टाकू?"

मावशी पाकीट हातात घेतात, बोटांनी चुरचुर वाजवून बघतात.

"सुक्यात टाक. पण याला गिऱ्हाईक नाही गं."

"मग तुम्ही काय करणार याचं?"

मावशी एका बाजूच्या पोत्याकडे बोट दाखवतात. ते पोतं विकायला जात नाही. ते पुढे ट्रकमध्ये चढतं आणि ट्रक काट्यावर.